नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवपैकी सात

पिवळ्या कॅसेटवर छापलंय : ९९९९ गेम.
अंबादास चिलवेरी म्हणतो, खरे चार.
मी म्हणतो, सात.
सत्त्याण्णवच्या गड्ड्याच्या जत्रेत घेतलेली ती कॅसेट,
विकणाऱ्याचं तोंडही आता आठवत नाही,
वाद मात्र ताजा.

"टोपी लाल होती ती निळी झाली,
पलीकडं रात्र पडली,
म्हणून काय गेम बदलतो का बे?"
त्याच्या तोंडात कडक भाकरी, बोटाला शेंगाचटणी.
मी त्याला त्याच्याच वडलांची आठवण देतो :
एकच मोर, बावीस रंगांत,
आणि ठोक व्यापाऱ्यापुढं नरसय्याकाका
गादीवर बोट आपटून सांगायचे,
बावीस माल आहेत, बावीस.
अंबादास पाणी पितो.
"चादर अंगावर तरी घेता येते," म्हणतो.

साखर पेठेत माझी वरची खोली.
एकशे बारा कॅसेटी, एकेचाळीस फ्लॉप्या,
उजवीकडं वळायचं सोडून सगळं जमणारे दोन रिमोट.
बायको त्याला गोदाम म्हणते,
पाहुणे आले की ऑफिस.

कॅसेटीत फुंकर मारावी की मारू नये
यावरून इरण्णा मेंगजी दोन महिने बोलत नव्हता.
तो मोबाइल दुरुस्त करतो, त्याला कळतं :
थुंकीनं आतली पट्टी गंजते.
आम्हालाही कळतं.
पण न फुंकता सुरू झाली
तर ती आपली कॅसेट नव्हेच.

भाग्यलक्ष्मी येमूल गणिताचे पेपर तपासून झाले की येते.
ती म्हणते, सेव्ह करता येत नव्हतं
हाच त्या गेमांचा मोठेपणा.
आठव्या पातळीवर होती ती, अशोक चौकातल्या दुकानात,
रुपयाला दहा मिनिटं,
आणि लाईट गेली.
रडली नाही. उठली, हात पुढं केला :
"माझी चार मिनिटं राहिली."
मालकानं चार लिमलेटच्या गोळ्या दिल्या.
तिनं मोजून घेतल्या.

मागच्या मंगळवारी बाजारात, भंगारात,
बुटाच्या खोक्यात नऊ मोठ्या फ्लॉप्या मिळाल्या.
एकीवर जांभळं स्केचपेन :
धोटा. अंबादास. १० ब. हात लावू नये.

मला आठवला तो.
शाळेचा एकुलता एक संगणक, हिरवी अक्षरं,
उणे चिन्हाचा धोटा डावीकडनं उजवीकडं,
मधेच एखादा उभा धागा तुटायचा,
धोटा पोचायच्या आत सांधायचा.
जिंकायची सोयच नव्हती.
शेवटी भोंगा व्हायचा, पाळी संपल्याचा.

फ्लॉपी घातली. यंत्र घरघरलं, गप्प झालं.
"बुरशी," इरण्णा म्हणाला.
"बरं झालं," अंबादास म्हणाला. "असला रद्दी गेम नव्हता."
"असला भारी नव्हता."
"किती वेळा खेळलास?"
"एकदा. मधल्या सुट्टीत."
"जिंकलास?"
"जिंकता येत नव्हतं."
"तेच म्हणतोय मी."
"मीपण तेच म्हणतोय."

भाग्यलक्ष्मीनं विचारलं, धागे किती होते?
"चाळीस," तो पटकन म्हणाला.
"नाही, अडतीस. दोन्ही कडंला एकेक घर मोकळं सोडलं होतं."
"कशाला?"
"काठासाठी."
आणि मग तो त्या बंद पडद्याकडं बघत राहिला,
जसं काही कुणी त्याच्या खिशातनं ते काढलं होतं.

मी वही उघडली.
गेम : धोटा. स्थिती : चालत नाही. शेरा :
"रद्दी लिही," तो म्हणाला. "काठाचं लिहू नको."
पेन तसंच धरलं मी.
खालच्या मजल्यावर जयवंतअण्णाचे माग
कुणाची बाजू न घेता खटखटत होते.

जाताना जिन्यात थांबला, चपला हातात.
"आणि ऐक. पाच धर. चार नव्हे.
तो रात्रीचा टँकवाला
वेगळाच आहे."